आनंदीबाईंच्या पाच वर्षं आधी मेडिकलला गेलेली नगरची मुलगी. कोण होत्या कृपाबाई?

आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या १८८३ मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७८ मध्ये, अहमदनगरमध्ये (आताचं अहिल्यानगर) जन्मलेली १६ वर्षांची एक मुलगी मद्रास मेडिकल कॉलेजच्या वर्गात बसली होती. ती डॉक्टर होऊ शकली नाही. पण तिनं इंग्रजीत दोन कादंबऱ्या लिहिल्या. तिचं नाव कृपाबाई सत्यनाथन, माहेरच्या खिस्ती.

खिस्ती ही टायपिंगची चूक नाही. हे ब्राह्मण घराण्यातलं आडनाव आहे. वडील हरिपंत यांनी नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आई राधाबाई त्यांच्यामागोमाग गेल्या, पण सहजासहजी नाही. अशा घरात १४ फेब्रुवारी १८६२ रोजी कृपाबाईंचा जन्म झाला. वडील लवकर गेले. थोरला भाऊ भास्कर याने पुस्तकांची गोडी लावली, तोही तरुणपणीच वारला.

नगर आणि चेरोकी मुलगी

नगरचं मिशन १८३१ मध्ये सुरू झालं. ते चालवणारी संस्था बोस्टनची अमेरिकन बोर्ड. याच संस्थेची अमेरिकेत चेरोकी या मूळनिवासी समाजातही शाळा होती. तिथे शिकलेली कॅथरिन ब्राउन ही तरुणी १८२३ मध्ये क्षयाने गेली. दोनच वर्षांनी तिचं चरित्र आलं. लेखक होते बोर्डाचे रुफस अँडरसन. पुढे बोर्डाचे सचिव म्हणून ते १८५४-५५ मध्ये भारतात आले. मिशनच्या शाळांत इंग्रजी नको, शिक्षण देशी भाषेतच हवं, असा त्यांचा आग्रह होता.

याच मिशनच्या छायेत वाढलेल्या कृपाबाईंनी मात्र इंग्रजी गाठली आणि आपली गोष्ट स्वतः सांगितली. कॅथरिनची पत्रं त्या चरित्रात आहेत, पण त्यातलं काय ठेवायचं आणि कसं मांडायचं हे अँडरसन ठरवत होते. फरक इथे आहे.

मेडिकल का सुटलं?

मुंबईच्या बोर्डिंग शाळेनंतर कृपाबाईंना इंग्लंडला जाऊन वैद्यकीय शिक्षण घेण्याची संधी चालून आली होती. तब्येत नाजूक म्हणून ते बारगळलं आणि मद्रास ठरलं. तिथल्या कॉलेजने मुलींना प्रवेश देणं सुरू केलं होतं १८७५ मध्ये, म्हणजे जेमतेम तीन वर्षांपूर्वी. पहिल्या वर्षी त्या एक विषय सोडून सगळ्यांत पहिल्या आल्या. पण वर्षभरातच प्रकृती ढासळली आणि त्या पुण्याला बहिणीकडे परतल्या.

१८८१ मध्ये सॅम्युअल सत्यनाथन यांच्याशी लग्न झालं. सॅम्युअल शिक्षण खात्यात असल्याने उटी, राजमहेंद्री, कुंभकोणम अशा बदल्या होत राहिल्या. उटीत कृपाबाईंनी मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली. तिथेच त्या नियतकालिकांत लिहू लागल्या, सुरुवातीला 'एक भारतीय स्त्री' एवढ्याच सहीनं.

'सगुणा'त काय आहे?

१८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात 'सगुणा' क्रमशः आली. ही बरीचशी त्यांचीच कहाणी आहे. आईचं लहान वयातलं सासर त्यात आहे आणि भावांच्या अभ्यासाकडे कान लावून बसणारी मुलगीही. विशेष म्हणजे, देशी माणसांना कमी लेखणाऱ्या गोऱ्या मिशनरी बायकांनाही त्या सोडत नाहीत. मिशनने घडवलेली मुलगी मिशनबद्दल हे छापून आणते, तेही १८८० च्या दशकात!

इंटरनेटवर त्यांना सरसकट 'इंग्रजीत कादंबरी लिहिणारी पहिली भारतीय स्त्री' म्हटलं जातं. ते जपून घ्यावं. तोरू दत्त यांची अपूर्ण इंग्रजी कादंबरी १८७८ मध्येच छापून आली होती. पहिल्या काही जणींपैकी एक, हे मात्र नक्की.

यानंतर त्यांचं एकुलतं बाळ वर्षाचं व्हायच्या आत गेलं. मग क्षयाचं निदान झालं. त्या आजारपणात त्यांनी बालविवाह झालेल्या हिंदू मुलीची कथा लिहायला घेतली, ती 'कमला'. ३ ऑगस्ट १८९४ रोजी, ३२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. 'सगुणा' पुस्तकरूपात आली ती पुढच्या वर्षी.

१९९८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने दोन्ही कादंबऱ्या पुन्हा छापल्या. त्यांच्या स्मरणार्थ मद्रास मेडिकल कॉलेजात मुलींसाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली होती.