पाण्याला विरजण

लेकीच्या नवव्या वाढदिवसाला घरात काचेची पेटी आली. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. जेमतेम ५५ लिटर पाणी मावेल अशी. रंगीत खडे, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर आणि आठ गोल्डफिश. दुकानदाराने सारे एकाच दिवशी बांधून दिले आणि आम्ही ते त्याच संध्याकाळी मांडलेसुद्धा. पाणी इतके नितळ, की मासे हवेत तरंगताहेत असे वाटावे.

चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. सहाव्या दिवशी एक उलटा तरंगताना दिसला. घरात कुणी आजारी पडले की आधी झाडलोट काढायची, हा आमच्या घरचा संस्कार. मी पेटी रिकामी केली, खडे चोळून धुतले, स्पंज नळाखाली पिळून लख्ख केला आणि नवे पाणी भरले. दहाव्या दिवशी आठांपैकी दोनच मासे उरले. लेक रडली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, पाणी तर स्वच्छ होतं ना?’’

या प्रश्नाचे उत्तर आमच्याच इमारतीतल्या एका काकांकडे मिळाले. त्यांच्या घरी वर्षानुवर्षे मासे आहेत. सगळे ऐकून ते म्हणाले, ‘‘अरे, मासे आणलेस, पण त्यांच्यामागचं आवरणारे कुठे आहेत?’’

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांना थोडासाही घातक ठरतो. नदी-तळ्यात त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती ते हिरावून घेते. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते मात्र बरेच निरुपद्रवी असते. ही साखळी विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास उलगडली. दुसऱ्या पायरीचे श्रेय पुढे अनेक वर्षे नायट्रोबॅक्टरला दिले गेले. घरगुती पेट्यांमध्ये ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये दिसून आले. दोन्ही पायऱ्या एकट्याने पार करणारे जिवाणूही असतात, हे तर २०१५ साली कळले.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. खड्यांवर, काचेवर आणि सर्वांत जास्त स्पंजच्या छिद्रांत ते चिकटून राहतात. म्हणजे मी नळाखाली पिळून काढली ती घाण नव्हती; नुकतीच बसू लागलेली वस्ती होती. उरलीसुरली नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने संपवली.

काकांनी आपल्या पेटीतल्या जुन्या, कळकट स्पंजचा तुकडा कापून दिला. ‘‘हे विरजण समज,’’ म्हणाले. उपमा चपखल होती, पण एक फरक होता. दही एका रात्रीत लागते, कारण त्यातले जिवाणू भराभर वाढतात. या मंडळींना दुप्पट व्हायला अर्धा दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून नवी पेटी लागायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. विरजण असेल तर हा काळ बराच कमी होतो.

खरे तर मासे आणण्यापूर्वीच हे व्हायला हवे. रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर खाद्य टाकावे, ते कुजू द्यावे, पंप अहोरात्र चालू ठेवावा. या जिवाणूंना प्राणवायू लागतो. तपासणीच्या संचात आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले, की पेटी लागली. मग एक-दोन करत मासे आणावेत, एकदम आठ नव्हे. आमच्याकडे दोन जीव आधीच पाण्यात होते. म्हणून खाद्य अगदी कमी केले आणि रोज पाव भाग पाणी बदलत राहिलो. तेही उघड्या बादलीत दिवसभर ठेवून क्लोरीन उडालेले.

पाचव्या आठवड्यात दोन्ही आकडे शून्यावर आले. दोन्ही मासे वाचले. एवढ्या पेटीत गोल्डफिश दोनच पुरेत, असे काकांनी बजावले होते. आम्ही तिसरा आणला नाही.

आता स्पंज धुवायचे काम लेकीकडे आहे. पेटीतलेच पाणी बादलीत काढते आणि त्यात तो हलकेच दोनदा दाबते, बस्स. परवा घरी आलेल्या आत्याने तो तपकिरी स्पंज पाहून नाक मुरडले. ‘‘अगं, साबण लावून चांगला धू की!’’

‘‘नको आत्या,’’ लेक म्हणाली, ‘‘त्यात राहतात ते.’’