हृदयविकार आणि आपले ताट

तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या केरी गावी हृदयविकाराचा रुग्ण बांबोळीच्या रुग्णालयातून परततो, तेव्हा त्याच्या हाती औषधांच्या यादीबरोबर पथ्याचाही कागद असतो. औषधे नियमाने घेतली जातात. पथ्य मात्र लवकरच मागे पडते. गल्ल्यावर बसून आम्हांस हे स्पष्ट दिसते, कारण महिन्याच्या यादीतील तेल, मीठ व पापड पूर्ववत होतात.

रुग्णाचा निश्चय दुबळा, असे म्हणणे सोपे आहे. पण चूल बहुधा त्याच्या हाती नसते. उपदेश पुरुषास मिळतो आणि रांधणाऱ्या गृहिणीस कोणी जवळ बसवून काही सांगत नाही. एकासाठी वेगळे भांडे चढविणे तिला जड जाते. वेगळे ताट घेणे त्याला अपमानाचे वाटते. ज्या घरी सर्वांच्याच भाजीतले मीठ हळूहळू कमी केले जाते, तेथे काही आठवड्यांत जीभही सरावते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसास 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाही नव्हे, अशी आहे. तिचा मोठा भाग पेजेबरोबरच्या लोणच्यातच संपतो. नारळाचे तसेच. खोबरेल तेलातील सुमारे नऊ-दशांश स्निग्धांश संपृक्त असतो खरा. पण नारळ सर्वस्वी सोडा म्हटले की कोकणचा माणूस तो कागदच बाजूस ठेवतो. निम्मा घाला म्हटले, तर ऐकतो.

आपण शाकाहारी, म्हणून निर्धास्त, ही आपल्या समाजाची समजूत आम्हांस घातक वाटते. अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी वर्ज्य झाली की तिची जागा पापड आणि तळण घेतात. उलट आयंबिलाच्या ओळीत चैत्र व आश्विन महिन्यांत नऊ नऊ दिवस तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर व तळण सोडणारी माणसे आपल्याच घरांत आहेत. जिव्हेवर ताबा त्यांना नवा नाही. मात्र रुग्णाने उपवास किंवा चौविहार धरण्यापूर्वी रात्रीच्या गोळ्यांची वेळ वैद्यांकडून ठरवून घ्यावी. गोळी परस्पर चुकवू नये.

आता आमचाच दोष सांगतो. गतवर्षीच्या सभेत शस्त्रक्रिया होऊन आलेल्या एका सभासदास "एवढ्याने काय होते, शेठ?" म्हणून आम्हीच जिलबीचा आग्रह केला. भिडेस्तव त्यांनी ती खाल्ली. यंदाच्या सभेत उकडलेले मूग आणि फळे ठेवण्याचे योजले आहे. फरसाणाचे व्यापारी सभासद किंचित रुसले. त्यांच्याकडून भाजलेले बिनमिठाचे चणे मागविले आहेत.