गजकर्ण
गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीमुळे होणारा त्वचेचा संसर्गजन्य रोग आहे. जांघ, कंबर, काख अशा घाम साचणाऱ्या भागांत उंचावलेल्या कडांचे गोल चट्टे उमटून खाज सुटते. बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात; घामाने भिजलेले कपडे, पाण्याची टंचाई व कोप्यांतील दाटीची राहणी या रोगास पोषक ठरते.

स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमांनी खाज तात्पुरती थांबते. मात्र बुरशी पसरत राहते व निदान अवघड होते. क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिन यांसारखे बुरशीनाशक मलम चट्टे नाहीसे झाल्यावरही वैद्यकीय सल्ल्यानुसार काही काळ लावावे लागते. घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार न झाल्यास संसर्ग पुन्हा उद्भवतो.