शाळेच्या संकेतस्थळाला सीएमएस हवी का?

सीएमएस म्हणजे मजकूर व्यवस्थापन प्रणाली. एचटीएमएल न शिकताही शिक्षकांना सूचना, निकाल, छायाचित्रे तिच्यातून संकेतस्थळावर घालता येतात. ड्रुपल (२००१) व वर्डप्रेस (२००३) या अशा मोफत प्रणाली.

मजकूर वर्षातून एकदाच बदलत असेल, तर साधी पाने पुरेत. दर आठवड्याला बदलत असेल, तर सीएमएस सोयीची. भालकी-औरादकडच्या आपल्या पालकांना मराठी व कन्नड दोन्ही हवे. ड्रुपलमध्ये बहुभाषिक सोय मूळचीच आहे. वर्डप्रेसला प्लगइन जोडावे लागते.

प्रणाली मोफत, पण देखभाल नित्याची. ड्रुपल ७ ची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी थांबली. जुन्या आवृत्तीत घुसखोरीचा धोका वाढतो.

म्हणून विश्वस्तांना आमची विनंती : मजकूर कोण लिहिणार, अपडेट कोण करणार आणि ते शिक्षक बदलून गेल्यास पासवर्ड कोणाकडे राहणार, हे आधी ठरवावे.