रोजच्या वापरातील स्पोर्ट्स कार आणि अश्वशक्तीचे योग्य प्रमाण : जामनेर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मोटारीच्या इंजिनात फेरफार करून अश्वशक्ती वाढविण्याचे आकर्षण आता महानगरांपुरते उरलेले नाही; तालुक्याच्या गावांतील तरुणांपर्यंत ते पोहोचले आहे. रोज ज्या मोटारीने प्रवास करावयाचा तिला नेमकी किती अश्वशक्ती पुरेशी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात पदार्थविज्ञान, स्थानिक परिस्थिती आणि कायदा या तीन अंगांनी केला आहे. योग्य अश्वशक्ती इंजिनाच्या क्षमतेवरून ठरत नाही. रस्ता, टायरची पकड, ब्रेक आणि उष्णता यांपैकी जो दुवा सर्वांत दुबळा असेल त्यावरून ती ठरते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : अश्वशक्ती, टॉर्क, टायरची पकड, ओव्हरटेकिंग, मोटार वाहन अधिनियम.

१. प्रस्तावना

जामनेरहून जळगाव, भुसावळ, बोदवड वा पाचोरा या कोणत्याही दिशेने निघाले तरी रस्त्यावरील वाहतुकीचे स्वरूप सारखेच असते. केळीने भरलेले ट्रक, कपाशीच्या गाठोड्यांनी लादलेल्या ट्रॉल्या, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर, दुचाकी आणि बैलगाड्या एकाच रस्त्यावरून वेगवेगळ्या वेगाने जात असतात. या वाहतुकीत स्पोर्ट्स कार चालविणाऱ्याच्या मनात वेगाची हौस असतेच, शिवाय आणखी एक समजूत असते : इंजिनात जितका जोर जास्त, तितके ओव्हरटेकिंग सुरक्षित. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती कोठपर्यंत खरी आहे आणि कोठून पुढे घातक ठरते, हे आकड्यांच्या आधारेच ठरवावे लागते.

स्पोर्ट्स कार म्हणजे प्रचंड अश्वशक्ती, हे समीकरणही तपासून पाहण्यासारखे आहे. गोव्यातील वेर्णा येथे तयार झालेल्या 'सॅन स्टॉर्म' या दोन आसनी, फायबरच्या अंगाच्या मोटारीत ११४९ घनसेंटिमीटरचे रेनॉ इंजिन होते आणि त्याची शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती एवढीच होती. चाकण येथे बनलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या मोटारीची शक्ती १०५ अश्वशक्ती होती. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील कारखान्यातून २०१५ मध्ये बाजारात आलेल्या फियाट अबार्थ पुंटोची शक्ती १४५ अश्वशक्ती होती. या गाड्यांचे उत्पादन आता बंद झाले असले, तरी पोलो व पुंटो जुन्या बाजारात घेऊन त्यांत फेरफार करणारे शौकीन अनेक आहेत. म्हणून पुढील गणितासाठी अशाच आकाराची मोटार गृहीत धरली आहे.

२. अश्वशक्ती म्हणजे काय?

पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्यासाठी लागणारी शक्ती म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती. ती सुमारे ७३५.५ वॅट इतकी भरते. अश्वशक्ती आणि टॉर्क यांत अनेकदा गल्लत होते. टॉर्क हा इंजिनाचा फिरविण्याचा जोर होय, तर तो जोर किती जलद कामी येतो ते अश्वशक्ती सांगते. उदाहरणार्थ, पोलो जीटी टीएसआयचे इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांपासूनच १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. याच टॉर्कवर १५०० फेऱ्यांना सुमारे ३७, तर २५०० फेऱ्यांना सुमारे ६२ अश्वशक्ती मिळते. जाहिरातीतील १०५ हा आकडा त्याहून पुष्कळ वरच्या फेऱ्यांवरचा असतो.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात येते. मोठा टर्बोचार्जर बसवून कमाल अश्वशक्ती वाढविली, पण तो टर्बो चार हजार फेऱ्यांनंतरच जागा होत असेल, तर रोजच्या वाहतुकीत ती मोटार मूळच्या मोटारीपेक्षा मंदच वाटते. म्हणून कमाल आकड्यापेक्षा मधल्या फेऱ्यांवर काय मिळते, हे आधी पाहावे.

३. प्रत्यक्ष गरज किती?

चालकासह १२०० किलो वजनाची मोटार घेऊ. टायर फिरताना होणारा रोध वजनाच्या १.३ टक्के, हवेचा रोधगुणांक ०.३३, समोरचे क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर आणि उन्हाळ्यातील हवेची घनता घनमीटरला १.१ किलो मानली आहे. इंजिनापासून चाकापर्यंत १० टक्के शक्ती वाया जाते असे धरले आहे. सपाट रस्त्यावर एकसारखा वेग राखण्यासाठी लागणारी अश्वशक्ती पुढीलप्रमाणे येते :

ताशी ६० किलोमीटर — सुमारे ६.५
ताशी १०० किलोमीटर — सुमारे १९
ताशी १२० किलोमीटर — सुमारे २९
ताशी १८० किलोमीटर — सुमारे ८४

समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी असलेली ताशी १२० किलोमीटरची मर्यादा गाठून ती टिकविण्यासही तीस अश्वशक्तीच्या आतच भागते. तेथे पोहोचण्यासाठी खानदेशातून अजिंठ्याचा घाट चढून जावे लागते. सहा टक्के चढ ताशी ६० किलोमीटर वेगाने चढण्यास सुमारे २४ अश्वशक्ती लागते. सुमारे ४० अश्वशक्तीच्या मारुती ८०० ने घराघरांतील कुटुंबांना घाट पार करून नेले, यात म्हणूनच नवल नव्हते.

मग अधिक शक्ती कशासाठी? ती लागते वेग वाढविताना, म्हणजे मुख्यतः ओव्हरटेकिंग करताना.

४. ओव्हरटेकिंगचे गणित

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रकला मागे टाकावयाचे आहे, असे समजू. आपण त्याच्या मागे त्याच वेगाने आहोत. दोनपदरी रस्ता ध्यानात घेऊन आपण वेग ताशी ८० पर्यंतच नेतो आणि ट्रकच्या तुलनेत ४० मीटर पुढे सरकल्यावर आपल्या बाजूस परततो. वेग वाढवीत असताना सरासरीने कमाल शक्तीच्या ८० टक्के शक्ती मिळते असे धरू. समोरून एक वाहन ताशी ६० किलोमीटरने येत आहे. ओव्हरटेकिंग सुरू करताना त्या वाहनापासून किमान किती अंतर हवे?

कमाल ६६ अश्वशक्ती — वेगवाढीस ६ सेकंद, एकूण ७.८ सेकंद, अंतर २७८ मीटर
कमाल ९५ अश्वशक्ती — वेगवाढीस ४ सेकंद, एकूण ६.८ सेकंद, अंतर २४८ मीटर
कमाल १२३ अश्वशक्ती — वेगवाढीस ३ सेकंद, एकूण ६.३ सेकंद, अंतर २३३ मीटर
कमाल १८० अश्वशक्ती — वेगवाढीस २ सेकंद, एकूण ५.८ सेकंद, अंतर २१७ मीटर

पहिल्या २९ अश्वशक्तींनी पूर्ण एक सेकंद वाचविला. पुढच्या २८ अश्वशक्तींनी अर्धा सेकंद वाचला. त्यापुढील अर्ध्या सेकंदासाठी मात्र ५७ अश्वशक्ती मोजाव्या लागल्या. अर्थशास्त्रात घटत्या उपयोगितेचा जो नियम सांगितला जातो, तोच येथे इंजिनाला लागू पडतो. ६६ वरून १८० पर्यंतचा सारा खर्च करून हाती येतात ते दोन सेकंद आणि ६१ मीटर. समोरचे वाहन निघून जाईपर्यंत ट्रकच्या मागे थोडे थांबणाऱ्या चालकास ते विनामूल्य मिळतात.

५. टायरची पकड : पावसाळ्यातील कसोटी

वरील तक्त्यातील शेवटची ओळ आणखी एका कारणाने फसवी आहे. इंजिनाने दिलेली शक्ती रस्त्यावर उतरते ती टायरच्या तळहाताएवढ्या भागातून. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत पुढची चाके ओढतात आणि वेग वाढविताना मोटारीचे वजन मागे सरकते; म्हणजे ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. स्थिर असताना ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर आहे असे धरून हिशेब केला, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर (घर्षणगुणांक ०.८) अशा मोटारीची वेगवाढ दर सेकंदास सुमारे ४ मीटर प्रतिसेकंद इतकीच होऊ शकते. दोन सेकंदांत ५० वरून ८० गाठण्यास याहून किंचित अधिक लागते. म्हणजे १८० अश्वशक्तीची मोटार भर उन्हातही पकडीच्या मर्यादेबाहेर जाते.

ओल्या रस्त्यावर (घर्षणगुणांक ०.५) हीच मर्यादा सुमारे २.६५ वर येते आणि ५० वरून ८० ला जाण्यास ३.१ सेकंद लागतात. मग इंजिन १२३ अश्वशक्तीचे असो वा २५० चे, फरक उरत नाही. उरलेली शक्ती चाक जागच्या जागी फिरविण्यात जाते आणि त्या क्षणी सुकाणूही हातात राहत नाही. जामनेर परिसरात पावसाळ्यात आणखी एक अडचण असते. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरावर पसरतो. त्या थरावर घर्षणगुणांक ०.३ धरल्यास वेगवाढीस पाच सेकंद लागतात, आणि सुमारे ७८ पेक्षा जास्त अश्वशक्ती निरुपयोगी ठरते. शक्ती वाढविण्याआधी चांगले टायर घ्यावेत, असा सल्ला जाणकार का देतात याचे उत्तर या आकड्यांत आहे.

६. ब्रेक आणि उष्णता

वेग वाढविणारी प्रत्येक अश्वशक्ती अखेर ब्रेकला पचवावी लागते. १२०० किलोच्या मोटारीत ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे ४६३ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ताशी १२० ला ती ६६७ किलोज्यूल होते. वेग २० टक्क्यांनी वाढला, परंतु ब्रेकवरील भार ४४ टक्क्यांनी वाढला. अचानक रस्त्यात आलेल्या गुरापुढे थांबताना हाच भार जीवनमरणाचा प्रश्न होतो.

उष्णतेचा प्रश्न खानदेशात विशेष तीव्र आहे. वैशाखात जळगाव-भुसावळ पट्ट्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. इंजिनाच्या चाचणीतील प्रमाणित दुरुस्ती-सूत्रानुसार २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेल्यास टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती सुमारे ४ टक्क्यांनी घटते. टर्बो असलेल्या इंजिनात दाबलेली हवा मुळातच तापलेली असते; इंटरकूलर तापला की पेट्रोल वेळेआधी पेट घेऊ लागते आणि इंजिनास ठोके बसतात. संगणकीय नियंत्रक ठिणगीची वेळ मागे घेऊन इंजिनाचे रक्षण करतो. रिमॅपिंग करताना हे राखीव अंतर काढून घेतले, तर थंड हवेच्या शहरात उत्तम चालणारी मोटार जामनेरच्या दुपारी पिस्टन गमावू शकते. म्हणून ट्यूनिंग करावयाचेच झाले, तर रोज ज्या पंपावर पेट्रोल भरतो ते पेट्रोल आणि मे महिन्यातील दुपार, या दोहोंचा हिशेब धरूनच ते करावे लागते.

गिअरबॉक्सलाही मर्यादा असते. पोलो जीटी टीएसआयमधील सात गतींचा कोरड्या क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आखलेला होता. मूळ टॉर्क १७५ असल्याने मोकळीक बरीच दिसते. पण गर्दीत क्लच तापतो तेव्हा ती मोकळीक झपाट्याने आटते.

७. कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, असा बदल मालकास करता येत नाही. मान्यताप्राप्त संच बसवून इंधनाचा प्रकार बदलणे यांसारखे मोजके अपवाद अटींसह दिलेले आहेत. जानेवारी २०१९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ ग्राह्य धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदेशीर बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीस न कळविलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, हा धोका दंडापेक्षा मोठा आहे. कारण तेव्हा प्रश्न केवळ आपल्या मोटारीचा नसतो, समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईचाही असतो.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) एकसारख्या प्रवासाची गरज तीस अश्वशक्तीच्या आत भागते. अधिक शक्तीचा उपयोग वेगवाढीपुरताच आहे.

(२) भरलेल्या वजनाच्या दर टनामागे ८० ते १०० अश्वशक्ती हे प्रमाण जामनेरसारख्या परिसरात रोजच्या वापरास योग्य होय. १२०० किलोच्या मोटारीस याचा अर्थ सुमारे ९५ ते १२० अश्वशक्ती असा होतो. चालविण्याचा आनंद हवा असेल तर दर टनामागे १२० पर्यंत जाण्यास हरकत नाही. मात्र ती वरची शक्ती फक्त कोरड्या रस्त्यावर उपयोगी आहे, याचे भान हवे.

(३) ही शक्ती कारखान्यातूनच मिळणाऱ्या मोटारी उपलब्ध आहेत. त्यामुळे कमी शक्तीची मोटार घेऊन ती वाढविण्यापेक्षा मुळातच योग्य शक्तीची मोटार निवडणे कायद्याच्या, विम्याच्या आणि खर्चाच्याही दृष्टीने हिताचे ठरते.

(४) सुधारणेसाठी बाजूला ठेवलेला पैसा प्रथम मान्य आकाराचे उत्तम टायर, चांगले ब्रेक पॅड व वेळेवर बदललेले ब्रेक ऑइल, त्यानंतर सस्पेन्शनची आणि शीतकरण यंत्रणेची देखभाल, या क्रमाने खर्चावा. इंजिनाचा क्रमांक शेवटचा.

बैलाची ताकद पाहून शेतकरी नांगर निवडतो. पण त्याआधी तो जमीन पाहतो. मोटारीची अश्वशक्ती निवडणाऱ्यानेही आपली जमीन, म्हणजे आपला रस्ता, आधी पाहणे आवश्यक आहे. त्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला आपल्या इंजिनाचा आकडा ठाऊक नसतो. आपली मोटार वेळेत आपल्या बाजूस परतेल, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि ती पूर्ण करण्यास कोणती अश्वशक्ती पुरेशी आहे ते आपल्याला मोजून ठरविता येते.