कालियादेह : एका खेड्याचा इतिहास

उज्जैनच्या उत्तरेस क्षिप्राकाठी कालियादेह हे लहानसे गाव आहे. माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी (राज्यारोहण इ. स. १५००) याने बांधविलेल्या जलमहालामुळे ते इतिहासात आले. नदीचे पाणी पाटांनी कुंडांत खेळवून तेथे गारवा राखला जाई.

इ. स. १६१७ मध्ये बादशहा जहांगीर येथे उतरला. त्याच्या आत्मचरित्रातील त्या वर्षीच्या दोन नोंदी एकत्र वाचाव्यात. उज्जैनजवळच्या गुहेत राहणाऱ्या जदरूप संन्याशाच्या भेटीस तो पायी गेला. वेदान्त म्हणजेच तसव्वुफचे ज्ञान, असे त्याने लिहिले. मांडूत मात्र पित्यास विष दिल्याच्या आरोपावरून नासिरुद्दीनची हाडे कबरीतून काढून नर्मदेत टाकण्याचा त्याने हुकूम दिला. म्हणजे येथे मान-अपमान धर्मावरून नव्हे, तर आचरणावरून ठरला.

पडझड झालेल्या महालाची दुरुस्ती १९२० मध्ये माधवराव शिंदे यांनी करविली.

मध्ययुग म्हणजे केवळ दोन धर्मांचा संघर्ष, ही समजूत एका खेड्याच्या अभ्यासानेही तपासता येते. अर्थात, ही बादशहाची बाजू आहे. महाल उभारणाऱ्या पाथरवटांची नावे तीत नाहीत, हेही विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे.