हरितगृहातील उन्हाळा



थंड देशांत हरितगृह उभारतात ते ऊब साठविण्यासाठी. आपल्याकडील प्रश्न नेमका उलटा आहे. पारदर्शक छपरातून ऊन आत येते, परंतु त्याने तापलेली हवा सहजासहजी बाहेर पडत नाही, आणि वैशाखातील दुपारी पिकाचे घर पिकाचीच भट्टी होऊन बसते.

गेल्या एप्रिलमध्ये बेळगावनजीकचा माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. कर्ज काढून त्याने १० गुंठ्यांत पॉलिहाऊस उभारले व ढोबळी मिरची लावली. दुपारी आत पारा ४२ अंशांवर जाई. फुले गळू लागली. तेव्हा त्याने धुके सोडणारे फॉगर बसविले आणि गारवा निसटू नये म्हणून बाजूचे पडदे घट्ट बंद केले. "सर, धुके भरपूर होते, पण गारवा नाही. आता तर पानांवर बुरशी दिसू लागली आहे," तो म्हणाला.

त्याची चूक कोठे झाली? उत्तर आपल्या घरच्या माठात आहे. माठ झिरपतो, झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. सात किलो बर्फ वितळविण्यास जवळपास तेवढीच लागते! फॉगर हेच काम हवेत करतो. चांगल्या दाबाच्या यंत्राचे थेंब १० ते ३० मायक्रॉनचे, म्हणजे केसाहूनही बारीक असतात. ते पानावर बसण्यापूर्वीच हवेत विरून जातात. दाब कमी असला की थेंब मोठे होतात, पाने भिजतात व बुरशीला आमंत्रण मिळते.

परंतु गारवा पाण्याने येत नाही, तो पाण्याच्या वाफेने येतो. हवा आधीच ओलाव्याने भरलेली असेल तर वाफ होणार कशी? पावसाळ्यात माठातील पाणी गार होत नाही, त्याचेही हेच कारण. इंदूरकडे मे महिन्यात हवा ४० अंश तापलेली, पण आर्द्रता २० टक्के असेल, तर धुक्याने ती तत्त्वतः २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. गोव्याच्या किनाऱ्यावर ३३ अंश व ७० टक्के आर्द्रता असेल, तर सारे पाणी ओतूनही २८ च्या खाली जाता येणार नाही. प्रत्यक्षात दोन्हीकडे याहून थोडे कमीच साधते. माझ्या विद्यार्थ्याने पडदे बंद करून बेळगावच्या कोरड्या हवेत जणू गोव्याची हवा निर्माण केली होती. ओली हवा बाहेर जाण्यास छपराची व बाजूची वाट मोकळी असणे, ही धुक्याची पहिली अट होय.

दुसरी गोष्ट सावलीची. भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. छपरातून त्यातील ७०० वॅट आत आले असे धरले, तर १० गुंठ्यांतील ती सारी उष्णता केवळ वाफेने काढावयास तासाला जवळजवळ १००० लिटर पाणी लागेल. निम्मे ऊन जाळीने अडविले की पाणीही निम्मे पुरते. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो त्या गावी हा हिशेब लहान नव्हे. जाळी शक्यतो छपराच्या बाहेर असावी. आतली काळी जाळी ऊन पिऊन स्वतः तापते व ती उष्णता आतच सोडते. आत लावणे भागच असेल तर पांढरी किंवा चंदेरी बरी. मात्र सावलीचीही किंमत असते. प्रकाश कमी झाला की उत्पन्न घटते. म्हणून जाळी सरकती असावी; सकाळी व ढगाळ दिवशी ती उघडावी.

एवढे सांगून मी त्याला शाळेच्या प्रयोगशाळेतील एक साधे साधन दाखविले. दोन उष्णतामापक, त्यांतील एकाच्या फुग्याला ओले फडके. ते हरितगृहात सावलीत व वाहत्या हवेत टांगावे. दोन्हींतील फरक आठ-दहा अंश असेल तर फॉगर अवश्य चालवावा; दोन-तीनच असेल तर तो बंद करून वारा खेळू द्यावा. फॉगर एकसारखा न चालविता काही सेकंद सोडून मिनिट-दोन मिनिटे थांबावे, आणि सायंकाळपूर्वी पाने कोरडी होतील इतक्या लवकर तो बंद करावा. क्षारयुक्त पाण्याने तोट्या बुजतात व पानांवर पांढरे डाग पडतात. साठविलेले पावसाचे पाणी यासाठी उत्तम.

त्या विद्यार्थ्याचा पहिला बहर गेला तो गेलाच. दुसरा मात्र टिकला आणि कर्जाचा हप्ता भरता आला. आधी सावली, मग वारा आणि शेवटी पाणी, हा क्रम त्याने आता पॉलिहाऊसच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे.